सीटखालची साखर

फाटक पडलं आणि माझा हात आपोआप किल्लीकडे गेला.

"हात," मामू म्हणाले. त्यांचे डोळे मिटलेले होते, मान सीटच्या पाठीवर टाकलेली होती, तरी त्यांना कळलं.

मी हात पुन्हा स्टेअरिंगवर ठेवला. समोर बोरवड्याचं रेल्वे फाटक, अलीकडे उन्हात तापलेला रस्ता आणि आमच्या पाठीशी घरघरत फिरणारा ड्रम. ड्रममध्ये काँक्रीट होतं. ते फाटकापलीकडच्या गावात एका मंगल कार्यालयाच्या स्लॅबवर पोचवायचं होतं. चैत्र संपत आला होता, केबिनमध्ये बसवत नव्हतं, आणि त्या आठवड्यात आमची दोघांचीही झोप पुरी झाली नव्हती.

माझा हा हात माझा वैरी होता. एसटीत मी वीसएक वर्षं गाडी चालवली. तिथं पहिल्यापासून अंगात भिनलेलं, गाडी थांबली की इंजिन बंद. डिझेल वाचवणाऱ्या ड्रायव्हरचं नाव डेपोतल्या फळ्यावर लागायचं आणि माझं ते बरेचदा लागलेलं. मिक्सरचं सगळं उलटं. आमच्या त्या गाडीत ड्रम फिरायचा तो गाडीच्याच इंजिनावर. इंजिन बंद की ड्रम बंद, ड्रम बंद की आतला माल बसायला लागला. माल ड्रममध्येच घट्ट झाला की मग ती गाडी राहत नाही, चाकांवर ठेवलेला दगड होतो. माणसं आत उतरवून तो फोडून काढावा लागतो. मामूंनी मला हे पहिल्याच दिवशी सांगितलं आणि विचारलं, समजलं का? मी म्हणालो, समजलं. हाताला समजलं नव्हतं.

शिकायला लागून थोडेच दिवस झाले होते तेव्हा मी भरलेली गाडी आमच्या काँक्रीट प्लांटच्या गेटवर, वजनकाट्यासमोर, सगळ्यांच्या देखत बंद केली. लगेच चालू झाली म्हणून निभावलं. पण त्या दिवसापासून माझं खराडे हे आडनाव गेलं आणि 'एसटी' हे नाव पडलं. एसटी आली का, एसटी लेट झाली, एसटी आज मुक्कामी का, असं चालायचं. आमचे प्लांट मॅनेजर लोंढे साहेब वयानं माझ्याहून बरेच लहान, तेवढे एकटे मला खराडे म्हणत. त्यांनी मला आत बोलावून, खुर्ची देऊन, अगदी सभ्यपणे सांगितलं की पुन्हा एकदा भरलेली गाडी बंद झाली तर तुमचं शिकणं तिथंच थांबलं असं समजा.

मग मामूंनी इलाज केला. बाभळीचा एक जाडजूड काटा आणला आणि किल्लीच्या मुठीला चिकटपट्टीनं असा बांधला, की गाडी बंद करायला किल्ली फिरवणाऱ्याच्या अंगठ्यात तो घुसायलाच हवा. त्यांना स्वतःला गाडी बंद करायची असली की ते फडक्यानं धरून करत. मला तो काटा दोनतीनदा चांगला लागला. त्यानंतर हात किल्लीपाशी जायचा, पण तिथं पोचून थबकायचा.

मला ती नोकरी पाहिजेच होती. आई अंथरुणाला खिळली तेव्हा मुक्कामाच्या गाड्या करणं मला जमेना आणि मी एसटीचा राजीनामा दिला. पुढं दीड वर्षात आई गेली. मग घरात मी आणि माझी बायको शालन, आणि दिवसभर करायला काही नाही. पन्नाशीला टेकलेल्या ड्रायव्हरला कोण विचारतो? एका शाळेनं विचारलं, पण तिथं त्यांना वॉचमन हवा होता. गेटवर बसून दुसऱ्यांच्या गाड्या आत-बाहेर सोडायच्या, ते मला जमणार नव्हतं. मला गाडीशिवाय दुसरं काही येत नाही. मिक्सर शिकलो तर ड्रायव्हर राहणार होतो, नाही शिकलो तर नाही. इतकं ते साधं होतं.

आणि मिक्सर काही सोपा नव्हता. एसटीत माणसं उभी असली, बसली असली, वळणावर तीच आपापली सावरतात. ड्रममधला माल सावरत नाही. तो सतत एका अंगाला चढलेला असतो आणि वळणावर सगळी गाडी त्या अंगाला ओढतो. मामू म्हणायचे, भरलेली गाडी तुझी नसते, मालाची असते, त्याला विचारून वळायचं. पहिले काही दिवस मी घरी जेवतानाही एका अंगाला कलून बसायचो. शालन बघायची आणि ताट माझ्याकडे सरकवायची.

मामूंचं नाव दस्तगीर मुजावर. साठी गाठलेला, बुटका, गुडघ्यांनी पार गेलेला माणूस. केबिनमधून खाली उतरायचं म्हणजे त्यांचा एक मोठा कार्यक्रम असायचा. आधी तोंड आतल्या बाजूला करायचं, मग एक पाय पायरीवर, मग कोणाच्या तरी नावानं एक शिवी, मग दुसरा पाय. ड्रमच्या आवाजात जन्म गेल्यामुळं ते कानानंही कमी झाले होते. त्यांना साखरेचा आजार होता आणि चहा ते बिनसाखरेचा घ्यायचे. म्हणूनच मला त्यांच्या सीटखाली साखरेची मोठी पिशवी दिसली तेव्हा मी त्यांची थट्टा केली. म्हटलं, मामू, चोरून खाता काय?

ते हसले नाहीत. म्हणाले, "ती माझी न्हवं. ड्रमची हाय."

मग त्यांनी समजावलं. गाडी वाटेत अडकली, माल बसायला लागला आणि आता काही तो वेळेत पोचत नाही अशी खात्री झाली, की ड्रममध्ये साखर-पाणी टाकायचं आणि ड्रम जोरात फिरवायचा. साखर गेली की काँक्रीट घट्ट होत नाही. ड्रम वाचतो. पण तो माल मग कामातून गेला, तो कुठल्या स्लॅबला चालत नाही, नेऊन ओतून द्यायचा. त्याला ड्रायव्हर लोक 'माल गोड झाला' म्हणत. प्लांटवर हा शब्द कोणी मोठ्यानं उच्चारत नसे. कोणाचा माल गोड झाला म्हणजे कोणाची तरी नोकरी कडू झाली, हे ठरलेलं होतं.

तर त्या दिवशी आम्ही फाटकाशी उभे होतो. मालगाडी यायची होती. मागं ट्रॅक्टर, टेम्पो, मोटरसायकली जमत चालल्या होत्या. मामूंच्या खिशातला फोन वाजला.

त्यांनी तो काढला, हात लांब करून नाव वाचलं आणि तसेच बघत राहिले. मला वाटलं त्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही. मी म्हटलं, कोण आहे बघू का? त्यांनी मान हलवली. फोन कानाला लावला, दुसऱ्या कानात बोट घातलं, म्हणाले, "बोल." थोडं थांबून, "आँ?" मग खिडकीतून डोकं बाहेर काढलं. तिथं तर ड्रमचा आवाज आणखीच. पुन्हा आत घेतलं. "बोल, बोल की. ठेवू नको."

आणि मला काही कळायच्या आत त्यांचा हात माझ्या पोटावरून आडवा आला आणि त्यांनी किल्ली फिरवली.

सगळं गप्प झालं. मिक्सरमध्ये बसलेल्या माणसाला ती शांतता सहन होत नाही, इतकी ती एकदम येते. कुठंतरी होला घुमत होता तो ऐकू यायला लागला. मी मामूंकडे नुसता बघत राहिलो. त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं होतं आणि फोन कानाशी घट्ट दाबून धरला होता.

"आता ऐकतोय," ते म्हणाले. "बोल."

पलीकडून काय बोललं गेलं ते मला ऐकू आलं नाही. मामू फक्त 'हां', 'व्हय' करत होते. एकदा म्हणाले, केलीया बंद, आता निवांत बोल. मालगाडी आली, डब्यांमागून डबे गेले, त्या खडखडाटात ते फोनवर वाकून बसले. गाडी निघून गेली तरी ते थोडा वेळ ऐकत राहिले, मग फाटक उचललं जाऊ लागलं, आणि त्यांनी फोन खिशात ठेवून मला खूण केली, चालव.

मी किल्ली फिरवली. सेल्फ उचलेना, इंजिन सुरूच होईना.

पुन्हा फिरवली. टक् असा एक आवाज आणि बाकी काही नाही. मामूंनी माझ्याकडे बघितलं आणि मी त्यांच्याकडे. मागं हॉर्न सुरू झाले.

त्यानंतरची ती दुपार मला आठवली की अजूनही अंगावर शिणवटा येतो. मामू त्यांचा उतरण्याचा कार्यक्रम करून खाली गेले आणि मी गाडीखाली शिरून सेल्फवर हातोडीनं ठोकून बघितलं. तसं ठोकल्यावर कधीकधी तो उचलतो. नाही उचलला. प्लांटला फोन केला. फिटर दुसऱ्या गाडीवर लांब गेला होता, येतो म्हणाला. आमची गाडी अर्धा रस्ता अडवून उभी होती. राहिलेल्या अर्ध्यातून दोन्हीकडची माणसं शिव्या देत, आरसे वाचवत जात होती. मी उन्हात उभा राहून त्यांना वाट करून देत होतो. पाणी मारून मारून मामूंनी ड्रमचा पत्रा वरून गार ठेवायचा प्रयत्न केला. त्यांनाही माहीत होतं की त्यानं काही होत नाही.

त्यात एसटी आली. माझ्याच डेपोची. ड्रायव्हर ओळखीचा होता, माझ्यानंतर लागलेला. त्यानं गाडी हळू केली आणि खिडकीतून विचारलं, "काय खराडे, बंद पडली व्हय?" मी हो म्हणालो. त्यानं सहज विचारलं होतं, मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. खिडक्यांतून पॅसेंजर माझ्याकडे बघत पुढं गेले.

साइटवरून फोनवर फोन येत होते. तिथं माल वर चढवणारा पंप थांबला होता, स्लॅब अर्धा राहिला होता. ठेकेदार मला जे काही म्हणायचं ते म्हणून गेला. लोंढे साहेबांचाही फोन आला. त्यांनी एकच विचारलं, बंद पडली की बंद केली? मी म्हणालो, सेल्फ गेलाय साहेब. ते म्हणाले, ते मला कळलं खराडे, मी दुसरं विचारतोय. आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी फोन ठेवला.

मग मात्र मी मामूंवर चिडलो. एरवी मी त्यांच्याशी कधी आवाज चढवून बोललो नव्हतो. म्हटलं, मामू, माझ्या किल्लीला काटा बांधलात आणि स्वतःच बंद केलीत. फोनच घ्यायचा होता तर उतरून घ्यायचा होता.

ते टायरच्या सावलीत बसले होते. म्हणाले, "उतरेस्तोवर तिनं ठिवला असता तर?"

ती कोण, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी रागात असल्यामुळं विचारलं नाही.

फिटर आला तेव्हा उन्हं कलायला लागली होती. त्यानं दुसरा सेल्फ बसवला. इंजिन चालू झालं. मामूंनी ड्रमचा दांडा हलवला आणि आम्ही तिघंही कान देऊन उभे राहिलो. आधी नुसतं कण्हल्यासारखं झालं. मग आत कुठंतरी काहीतरी मोठं सुटून पडल्याचा आवाज आला आणि ड्रम थोडा थोडा करत वळू लागला. माल बसायला आला होता, पण अजून बसला नव्हता.

माझ्या मनात आशा आली. मी म्हटलं, मामू, पाणी टाकू, फिरवू, सैल झाला की सरळ साइटवर जाऊ. तिथं सगळे वाट बघून कंटाळलेत, कोण बघतोय? ओतून टाकतील.

मामूंनी सीटखालची पिशवी काढली होती. ते म्हणाले, "मंगल कार्यालयाचा स्लॅब हाय. खाली पोरंबाळं जेवायला बसणार."

"मामू, माझी नोकरी जाईल."

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "पिशवी धर. मला शिडी चढू लाग."

मी त्यांना मागच्या शिडीवर चढवलं. त्या गुडघ्यांनी ते वर कसे गेले कोण जाणे. वरच्या नरसाळ्यातून त्यांनी साखर ड्रममध्ये सोडली, वरून पाणी सोडलं, पिशवीचं तोंड मुठीत आवळून ती मला परत दिली. मी ती घेतली आणि बघितलंही नाही. ड्रम जोरात फिरू लागला. थोड्या वेळानं आतला आवाज बदलला, माल पातळ होऊन छान खळखळू लागला. इतका चांगला माल मी त्या महिनाभरात ऐकला नव्हता. आता तो कशाच्याच उपयोगाचा नव्हता.

आम्ही प्लांटवर परत आलो. मागच्या खड्ड्यात माल ओतून दिला, ड्रम धुतला. हात धुवायच्या आधीच लोंढे साहेबांच्या केबिनमधून बोलावणं आलं. दोघांनाही. बाहेर दोनचार ड्रायव्हर उगीचच रेंगाळत होते.

लोंढे साहेब दमलेले दिसत होते. त्यांनाही दिवसभर शिव्याच बसल्या असणार. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि तोंड उघडायच्या आत मामू म्हणाले, "साहेब, गाडी मी बंद केली."

साहेबांनी खुर्चीत मागं रेलून डोळे चोळले. म्हणाले, "मामू, तुम्ही इथं आल्यापासून किती वेळा भरलेली गाडी बंद केली?"

"आज केली."

"एकदासुद्धा नाही. मला माहीत आहे ना. बाकी पोरांना मी तुमचं नाव सांगतो."

"साहेब, हे बघा." मामूंनी अंगठा पुढं केला. त्यावर काट्याचा खोल घाव होता आणि रक्त सुकलेलं होतं. "किल्लीचा काटा लागलाय. मीच फिरवली."

"दिवसभर गाडीशी झटताय, लागणारच," साहेब म्हणाले. "मामू, तुमचा जीव आहे त्यांच्यावर, ते मला दिसतंय. पण त्यांना असं वाचवू नका. उद्या बसलेला माल फोडताना कोणाचा तरी हात जाईल." मग माझ्याकडे वळले. "खराडे, तुम्ही सांगा. वडीलधारं माणूस तुमच्यासाठी पदर पसरतंय. खरं काय ते तुम्ही सांगा."

मी मोठा माणूस नाही. मला नोकरी हवी होती आणि खरं माझ्याच बाजूचं होतं. मी म्हणालो, "साहेब, ते म्हणतायत ते खरंय. गाडी त्यांनीच बंद केली."

दारातल्या ड्रायव्हरांपैकी कोणीतरी 'छ्या' केलं ते मला स्पष्ट ऐकू आलं. लोंढे साहेब माझ्याकडे असे बघत राहिले, की मी त्या क्षणी खरोखरच चोर असतो तरी मला इतकं वाईट वाटलं नसतं. ते हळू आवाजात म्हणाले की बंद केली हे एक वेळ मी समजून घेतलं असतं. पण हे नाही.

मामू दोनदा-तीनदा म्हणाले, खरंय साहेब, तो खोटं बोलत न्हाई. जितकं ते म्हणत तितके ते सगळ्यांच्या नजरेत थोर होत होते आणि मी हलका. शेवटी साहेब उठून उभे राहिले आणि मामूंना हात जोडून म्हणाले, पुरे आता.

माझं शिकणं तिथं थांबलं.

मी डबा घेतला, गाडीतला माझा टॉवेल घेतला आणि गेटबाहेर पडलो. गेटसमोर चहाची टपरी होती. तिथं बसायचं नाही असं ठरवून मी पुढं निघालो होतो, पण बाकावर बसलोच. थोड्या वेळानं मामू लंगडत आले आणि माझ्या शेजारी बाकावर टेकले. हातात ती साखरेची पिशवी होती. तळाशी थोडी साखर शिल्लक होती.

मी म्हटलं, मामू, आता तरी सांगा, फोन कोणाचा होता?

"नाझनीनचा. पोरीचा."

त्यांना मुलगी आहे हे मला महिनाभरात कळलं नव्हतं. ते रस्त्याकडेच बघत सांगत होते, आणि काय सांगत होते ते मला आधी नीट कळेना, इतकं ते मधूनमधून सांगत होते. त्यांची बायको हमीदा गेली तेव्हाही मामू भरल्या गाडीवर होते. साइटवर गाड्यांची रांग लागलेली, पंपाशी नंबर यायचा होता. मुलगी दवाखान्यातून फोन करत होती. आधीचे फोन त्यांना ऐकूच आले नाहीत. एक उचलला तर ड्रमच्या आवाजात पोरगी काय म्हणते ते समजेना.

"मी म्हणलं, गाडी मोकळी करतो आन फोन करतो. बंद कराया पायजे हुती. न्हाई केली. सवय न्हवती." त्यांनी अंगठ्यावरचं सुकलेलं रक्त चोळलं. "मोकळी होईस्तोवर हमीदा गेली. ती मलाच बोलवत हुती म्हणं."

मुलीनं मातीच्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं, की अब्बांना माणसाचं ऐकू येत नाही, ड्रमचंच ऐकू येतं. त्यांनी त्यांचा ड्रम ऐकत बसावं. ती लग्न होऊन बेळगावकडे गेली होती. त्यानंतर तिनं फोन केला नाही आणि यांचा घेतला नाही. वर्षं गेली. मामू भरली गाडी कधीच बंद न करणारे म्हणून प्लांटवर नावाजले गेले.

मी विचारलं, मग आज काय म्हणाली?

मामू म्हणाले, तिला मुलगी झालीय. आईचं नाव ठेवलंय. ते पिशवीशी चाळा करत बसले.

"पर ते तिनं नंतर सांगितलं," ते म्हणाले. "गाडी बंद केल्यावर पयलं काय विचारलं म्हाईत हाय? म्हणली, अब्बा, मागं आवाज का न्हाई? ड्रम बंद केलात?" त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. डोळे भरलेले होते आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. "मी म्हणलं, केलीया बंद, आता निवांत बोल. तर बोलंना. नुसती रडाय लागली. सगळी मालगाडी जाईस्तोवर रडत हुती."

माझा राग कुठं गेला ते मला कळलं नाही. खरं तर तो जायला नको होता. नोकरी माझी गेली होती, नाव माझं खराब झालं होतं, आणि हे दोन्ही त्यांच्यामुळं झालं होतं. मामूंनाही ते माहीत होतं. ते म्हणाले की माझ्या ओळखीचा एक प्लांट आहे लांब, निपाणीच्या अंगाला, तिथं मी शब्द टाकतो. तिथले लोक मला मानतात, मी बंद केली म्हटलं तर तेही विश्वास ठेवायचे नाहीत. असं म्हणून ते पहिल्यांदाच थोडे हसले. त्यांनी तो शब्द टाकला, मी तिथं लागलो, आणि गुडघे जाईपर्यंत पुढं मिक्सरच चालवला. पण ते सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी आम्ही दोघं टपरीवर बसलो होतो आणि आम्हाला उठवत नव्हतं.

मामूंनी पिशवी उलटी करून तळाशी राहिलेली साखर तळहातावर घेतली. काँक्रीटच्या गाडीतली साखर ती, पांढरी थोडीच राहणार? करडी झाली होती. अर्धी त्यांनी माझ्या हातावर दिली.

"पेढं आणायला जायाचं त्राण न्हाई माझ्यात," ते म्हणाले. "तोंड गोड कर."

मी खाल्ली. दाताखाली सिमेंटची कचकच आली. त्यांनीही चिमूटभर तोंडात टाकली. मी म्हटलं, मामू, तुम्हाला चालत नाही. ते म्हणाले, आज चालतंय.

मी घरी पोचलो तेव्हा शालन दारातच बसली होती. माझ्या हातात टॉवेल आणि डबा दोन्ही बघून तिला काय समजायचं ते समजलं. टॉवेल मी रोज गाडीतच ठेवायचो. मी पायरीवर बसलो आणि बूट काढायला वाकलो, पण वाकवेना. ती खाली बसली आणि तिनं नाड्या सोडल्या.

"गेली?" तिनं विचारलं.

"गेली."

तिनं बूट बाजूला ठेवले. मग माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं, पदराच्या टोकानं माझ्या मिशीवरचे दाणे टिपले आणि जिभेला लावून बघितले.

"मग ही साखर कशाची?"

मी म्हणालो, "मामूंना त्यांच्या मुलीचा फोन आला."